दावतीत टोकाची जागा

वलीम्याला गेलो की मी टोकाची जागा धरतो. पाण्याचा जग हाताशी हवा आणि वॉशबेसिन जवळ हवं, एवढंच बघतो. शेजारचे लोक दुसऱ्यांदा बिर्याणी वाढून घेतात तेव्हा माझा चौथा-पाचवा घास चालू असतो. मग कुणीतरी विचारतंच, “क्या भाई, पसंद नई आई क्या?” पंधरा वर्षं मी यावर हसून “पोट भरलं” म्हणत आलो. ते खोटं होतं. पोट रिकामंच असायचं. घास छातीच्या मधोमध अडकलेला असायचा.

या आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. नाव अवघड असलं तरी गोष्ट सोपी आहे. घशापासून जठरापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका असते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अॅलर्जीच्या वेळी शरीरात वाढतात. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात त्या नसतात. या आजारात त्या तिथे ठाण मांडतात आणि नलिका आतून सुजते. सूज वर्षानुवर्षं राहिली की तिच्यात कडी पडतात, ती ताठ आणि अरुंद होते. वैद्यकशास्त्रानेही हा वेगळा आजार म्हणून ओळखला तो १९९० नंतर. पुरुषांत तो जास्त दिसतो, आणि दमा, इसब किंवा सर्दीची अॅलर्जी असणाऱ्यांत विशेष.

मला मात्र सगळ्यांनी ‘पित्त’ सांगितलं. मीही मानलं. पित्त म्हणजे आपल्याकडे आजारच नाही, सवय. शिवाय मी युक्त्या शिकलो होतो. भाकरी रश्श्यात पूर्ण बुडवायची. मटणाचा तुकडा बोटांनी बारीक करायचा. दर घासाला पाणी. मोठी गोळी फोडून घ्यायची. घरात म्हणायचे, हा लहानपणापासून सावकाश खातो. आज कळतं, याच युक्त्यांनी आजार लपवला. लोकांपासून तर लपवलाच, माझ्यापासूनही लपवला.

एका बकरी ईदला भांडं फुटलं. पाहुणे बसले होते, घाई होती, मटणाचा एक तुकडा नीट न चावता गिळला आणि तो अडकला. श्वास चालू होता, बोलता येत होतं, पण थुंकीसुद्धा खाली जात नव्हती. खालाने मायेने केळं दिलं, “इसके साथ उतर जाता.” उतरलं नाही, वर आणखी भर पडली. तीन तास मी बादली घेऊन बसलो. शेवटी दवाखान्यात दुर्बीण घालून तुकडा काढला. डॉक्टरांनी अस्तराचे नमुने तपासायला पाठवले. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल दिसले तर या आजाराचा निष्कर्ष काढता येतो. माझ्या नमुन्यांत ते बरेच जास्त होते.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : “पाण्याने घास ढकलत किती वर्षं जेवताय?” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

हा आजार मुळातून जात नाही, आवरता येतो. एक मार्ग आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचा. दुसरा दम्याच्या पंपातल्या स्टिरॉइडचा. ते श्वासात ओढायचं नाही, तोंडात मारून गिळायचं, आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. तिसरा मार्ग पथ्याचा. दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे-सुकामेवा आणि मासे-कोळंबी हे सहा गट बंद करून एकेक परत आणायचा आणि दुर्बिणीने तपासायचं. आजकाल बरेच डॉक्टर आधी फक्त दूध बंद करून बघतात. नलिका फारच अरुंद झाली असेल तर ती रुंदही करावी लागते.

आता रमजान ईदची सकाळ डोळ्यांपुढे आणा. शीरखुर्म्याच्या एका वाटीत दूध आहे, गव्हाच्या शेवया आहेत, काजू-बदाम-पिस्ते आहेत. सहापैकी तीन गट एका वाटीत. आणि सकाळपासून दहा घरं फिरायची असतात. प्रत्येक घरी नकार दिला तर प्रत्येक घर रुसणार.

हा आग्रह कुठून येतो ते मला माहीत आहे. ज्यांनी टंचाई पाहिली, त्यांच्यासाठी खाऊ घालणं हेच प्रेम. हे फक्त आपल्या दस्तरखानावरच आहे असंही नाही. शेजारच्या लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह याच जातीचा असतो. पण आग्रह जेव्हा नकार ऐकूनच घेत नाही, तेव्हा आजारी माणसाला खोटं बोलणं किंवा धोका पत्करणं, एवढंच उरतं. आपण सुन्नतीचा हवाला घरोघरी देतो. प्रेषितांनी अन्नाला कधी नाव ठेवलं नाही. हवं ते खाल्लं, नको ते न बोलता बाजूला ठेवलं, असं हदीसमध्ये आहे. म्हणजे न खाणं हा यजमानाचा अपमान होत नाही. ही सुन्नत आपण सोयीने विसरलो.

रोज्याचंही तसंच. मला बहुतेक रोजे जमतात; सहेरीनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी औषध बसवून घेतलं आहे, तेही डॉक्टरांना विचारून. पण नलिका रुंद केली त्या आठवड्यात रोजे सुटले. चहाच्या टपरीवर ओळखीच्याने पाहिलं आणि भरलेल्या गल्लीत विचारलं, “रोजा नहीं है?” आजारी माणसाने रोजे पुढे भरून काढावेत आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने गरिबाला जेवू घालावं, ही सवलत कुरआननेच दिली आहे. अल्लाहने दिलेली सूट गल्लीने का काढून घ्यावी?

म्हणून दोन गोष्टी सांगतो. घास अडकत असेल, पाण्याशिवाय उतरत नसेल, तर ‘पित्त’ म्हणून वर्षं घालवू नका. पोटविकारतज्ज्ञांना दाखवा आणि अस्तराचे नमुने घ्यायला सांगा, कारण नुसत्या डोळ्यांना नलिका कधीकधी ठीक दिसते. घास अडकला आणि थुंकी गिळता येईना, तर केळं, भाताचा गोळा, पाणी काही देऊ नका. थेट दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट यजमानांसाठी. पाहुणा एकदा ‘नको’ म्हणाला की ताट पुढे सरकवू नका. कारण विचारायचंच असेल तर चारचौघांत नको, बाजूला विचारा. यंदा आमच्या शेजारच्या चाचींनी वाटी पुढे केली, मी नको म्हणालो, तर त्यांनी ती उचलली आणि खजूर ठेवले. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या घरी मी सगळ्यात जास्त वेळ बसलो.