फ्लॅट घेऊन भाड्यावर जगायचं? आधी हिशोब मांडूया



सध्या आपल्या तरुणांच्या मोबाईलवर एकच मंत्र फिरतोय. नोकरी म्हणजे गुलामी. फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, हप्ता भाडेकरू भरेल, तुम्ही बसून कमवा. याला म्हणे 'पॅसिव्ह इन्कम' म्हणतात. आपल्यातले बरेच जण घरातले पहिले पगारदार. वडिलोपार्जित दुकान नाही, वाडा नाही. त्यामुळे हे बोलणं चटकन पटतं. या स्वप्नाला आम्ही हसत नाही. पण 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाचे आपण अनुयायी आहोत. हिशोब न मांडता विश्वास ठेवणं आपल्याला शोभत नाही.

तर हिशोब मांडू. समजा फ्लॅट 40 लाखांचा आणि भाडं महिना 10 हजार. वर्षाचे झाले 1 लाख 20 हजार, म्हणजे किमतीच्या 3 टक्के. त्यातून मेंटेनन्सचे 24 हजार, मालमत्ता कराचे 6 हजार आणि एक महिना घर रिकामं राहिलं तर 10 हजार वजा करा. उरले 80 हजार, म्हणजे 2 टक्के. आता कर्ज बघा. 8 लाख स्वतःचे, 32 लाख बँकेचे, व्याज 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो जवळपास 27,800 रुपये. भाडेकरू देणार 10 हजार, बाकीचे दरमहा तुमच्या पगारातून जाणार. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली वेगळी. मग भाडेकरूने हप्ता भरला कुठे?

एजंट म्हणेल, किंमत वाढेल. वाढेलही. पण तो भाव वाढण्यावर लावलेला डाव झाला, भाड्याचं उत्पन्न नव्हे. आणि घर विकल्याशिवाय तो पैसा हातात येत नाही. म्हणून साधी कसोटी लावा: सगळा खर्च वजा करून वर्षाला उरणारं भाडं एकूण गुंतवणुकीच्या किती टक्के आहे? ते कर्जाच्या व्याजदरापेक्षा कमी असेल, तर तुम्ही बँकेसाठी राबताय. उलट स्वतःच्या घरावर परवानगी काढून 6 लाखांत एक खोली चढवली आणि ती कॉलेजच्या किंवा एमआयडीसीच्या जवळ असल्याने 4 हजारांना गेली, तर खर्च धरण्याआधी 8 टक्के सुटतात. रीलमध्ये ही खोली दिसत नाही, कारण तिच्यावर कुणाला कमिशन मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. डाउन पेमेंटसाठी गावची महार वतनाची जमीन काढायचा विचार काही घरांत होतो. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाचं बिल मांडलं, ते आपल्याला वतनाच्या वेठीतून सोडवण्यासाठी. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं रद्द झाली आणि जमिनी अटींवर परत मिळाल्या. कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेऊन त्या कवडीमोलाने लाटणारे दलाल फिरत असतात. 2 टक्क्यांच्या फ्लॅटसाठी ती जमीन घालवू नका.

काही कार्यकर्ते विचारतात, भाडं खाणं आंबेडकरवादात बसतं का? प्रश्न योग्य आहे. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करायला सांगितली, म्हणजे ना जमीनदार राहील, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. ती मांडणी शेतीची होती, पण तिचा रोख माणसाने माणसाला नाडण्यावर होता. तशी व्यवस्था आली नाही, म्हणून आपण फक्त भाडेकरूच राहावं, असं आम्हाला वाटत नाही. म्हातारपणी खोलीचं भाडं येत असेल तर माणूस कुणापुढे हात पसरत नाही. प्रश्न आपण कसले मालक होणार, हा आहे.

कायद्याचं आधी बोलू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. 'आपलाच माणूस आहे, कागद कशाला' हे दोघांनाही महागात पडतं.

आणि दुसरं, आडनाव. 1917 साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. आजही घर दाखवणारा आधी 'पूर्ण नाव काय?' विचारतो, मग 'नॉनव्हेज चालणार नाही' म्हणतो. 2005 साली सुप्रीम कोर्टाने एका सोसायटीचा सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम ग्राह्य धरला. म्हणजे दाराबाहेर उभं राहण्याचा अनुभव कायद्याने पुरता पुसलेला नाही. मग आपल्या खोलीसाठी एखादा मुस्लिम मुलगा, पारधी कुटुंब किंवा एकटी राहणारी बाई आली, तर आपण काय विचारणार? भाडं देण्याची ऐपत आणि ओळखीची कागदपत्रं, बास. तिथे आपण आडनाव विचारलं, तर घर आपलं झालं पण मालकी मनूचीच राहिली.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. फळ्यावर वरचा हिशोब आपल्या गावच्या भावाने मांडा. ज्याने फ्लॅट बुक केलाय त्याचा हप्ता आणि येणारं भाडं खुलेपणाने लिहा. कुणाला लाज वाटायचं कारण नाही. फसवणूक गप्प बसण्यावरच चालते.

जय भीम!