परिक्रमेची वाट बदलली, नाले तिथंच

चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेचे जथ्थे नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतून निघतात. नियम असा, की नर्मदा ओलांडायची नाही. तिला मिळणारे नदी-नाले मात्र ओलांडावेच लागतात. खरी अडचण इथंच आहे.

सरदार सरोवर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण भरलं. काठची जुनी पायवाट पाण्याखाली गेली. पावसाळ्यानंतर धरणाचा फुगवटा नाल्यांच्या मुखात शिरतो, अन् जथ्थेही नेमके थंडीतच येतात. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पाहिलेल्या वाटेचा भरवसा तेव्हा धरता येत नाही. म्हणून डोंगरातला रस्ताच बरा.

परिक्रमावासी एकदा जातात. पाड्यांवरच्या माणसाला मात्र बाजाराला, दवाखान्यात जायला हेच पाणी आडवं येतं. होडी, पुलाचं नियोजन आधी त्याच्यासाठी हवं. यात्रेकरूंची सोय त्यातच होईल.