तातडी कोणासाठी?

विमानवाहतुकीच्या धंद्यात ‘एओजी’ नावाचा एक संदेश आहे. विमान जमिनीवर खिळले आहे, सुटा भाग ताबडतोब धाडा, एवढाच त्याचा अर्थ. तो गेला की गोदामे मध्यरात्री उघडतात, मिळेल त्या पहिल्या विमानात खोके चढते, प्रसंगी एखादा माणूसच ते सोबत घेऊन निघतो. आपले अर्थपंडित ह्या धावपळीकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, ही खुल्या बाजाराची कार्यक्षमता!

ही धावपळ मुळात का होते, ते पाहू. मागणीची अलवचीकता शिकविताना आम्ही वर्गात मिठाचे उदाहरण देत असू. ह्यापुढे विमानाच्या झडपेचे द्यावे. विमान उभे राहिले म्हणून त्याचे भाडे थांबत नाही, की कर्जावरील व्याज थांबत नाही. तेव्हा झडपेची सांगितली जाईल ती किंमत मुकाट्याने मोजावी लागते. शिवाय प्रमाणपत्राचा कागद सोबत नसेल तर ती बसविता येत नाही. (हा नियम हवाच. खोट्या कागदांवर इंजिनांचे भाग विकले गेल्याचे २०२३ साली लंडनमध्ये उघडकीस आले, ते सर्वांनी पाहिले आहे.) पण ह्या नियमाच्या आडोशाने आराखडे आणि दुरुस्तीचे ज्ञान मूठभर कंपन्यांच्या तिजोरीत बंद राहते, आणि गरजूची निकड हेच त्यांच्या नफ्याचे साधन बनते.

खरी कसोटी आली तेव्हा ही वाखाणलेली तातडी कोठे होती? मुंबईच्या ‘गो फर्स्ट’ने आपल्या विमानांसाठी अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने घेतली. इंजिनांअभावी उभ्या असलेल्या विमानांचे प्रमाण डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के होते, ते डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्क्यांवर गेले, असे तिने जाहीर केले. सिंगापूरच्या लवादाने मार्च २०२३ मध्ये आदेश दिला की २७ एप्रिलपर्यंत किमान १० इंजिने द्यावीत, व पुढे डिसेंबरपर्यंत दरमहा १०. ती मिळाली नाहीत, असे गो फर्स्टचे म्हणणे. प्रॅटने आरोप निराधार ठरविला. २ मे रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. त्याच सप्टेंबरात प्रॅटच्या मालक कंपनीने, धातूच्या भुकटीतील दोषापायी २०२४ ते २०२६ ह्या काळात जगभर सरासरी ३५० विमाने उभी राहतील आणि एकेका इंजिनाला २५० ते ३०० दिवस लागतील, असे सांगितले. जेथे दुसरा विक्रेताच नाही, तेथे कुरियरवाला काय धावणार?

तातडी दिसली ती विमानांच्या मालकांसाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने अधिसूचना काढून विमानांना दिवाळखोरीच्या संरक्षणातून वगळले. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२५ साली संसदेने ह्या धनकोंच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदाच केला. कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी मात्र अशी अधिसूचना निघाली नाही. सेंट्रल बँक आणि बँक ऑफ बडोदा ह्या सार्वजनिक बँकांचे कर्जही तेथेच अडकले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

सरकारचा उपाय काय, तर जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के कर. सवलत वाईट नव्हे. पण तिने भाग स्वस्त होतील, ज्ञान येणार नाही. ते यावयाचे तर ग्राहकाने आपले वजन वापरावे लागते. एअर इंडिया सार्वजनिक मालकीची असताना तिच्या ६८ विमानांच्या खरेदीच्या बदल्यात बोईंगला नागपूरच्या मिहानमध्ये दुरुस्ती केंद्र उभारून द्यावे लागले होते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. २०२३ साली तिने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. एवढ्या ग्राहकीच्या बळावर सुट्या भागांचा साठा आणि इंजिनदुरुस्तीचे हक्क ह्या देशासाठी मागून घेणे हे सरकारचे काम होते. पंतप्रधान सौद्याच्या सोहळ्याला दूरदृश्य यंत्रणेवरून हजर राहिले.

संसदेतील आपल्या मित्रांनी विमानवाहतूक मंत्र्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. त्या ९७० विमानांच्या सौद्यांच्या वेळी सरकारने उत्पादकांकडे नेमके काय मागितले? आणि गो फर्स्टच्या कामगारांचा पगार कोणत्या तारखेला मिळणार?