हमी गाडीची, की कंपनीच्या मक्तेदारीची?

बीड जिल्ह्यात मोटारगाडी ही निव्वळ हौसेची वस्तू कधीच नव्हती. परळीकडील भाग सोडला तर या जिल्ह्याला रेल्वेचा आधार फारसा लाभला नाही. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी अहिल्यानगरहून रेल्वे येण्यास तर सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. पाटोदा-आष्टीच्या डोंगराळ भागातून रात्री-अपरात्री रुग्ण हलवायचा असो की लग्नकार्याला सारे कुटुंब न्यायचे असो, भरवसा चाकाच्या गाडीवरच. शिक्षक, कारकून यांच्यासारखा पगारदार माणूस ही गाडी कर्ज काढून घेतो आणि तिचे हप्ते कित्येक वर्षे फेडत राहतो. एखादी मोठी दुरुस्ती अचानक उद्भवली तर त्याच्या घरखर्चाची घडी विसकटते. म्हणूनच गाडीबरोबर मिळणारे हमीपत्र, म्हणजेच ‘वॉरंटी’, हे त्याच्या दृष्टीने खरेखुरे संरक्षण असते.

या संरक्षणाची वाट मात्र निसरडी आहे. नवी गाडी घरी आली की तिच्यात काही ना काही भर घालावी लागते. रात्रीच्या अंधाऱ्या रस्त्यासाठी जादा दिवे हवेत, मागे पाहण्यासाठी कॅमेरा हवा, आसनांना आच्छादने हवीत. जालना रस्त्यावर किंवा बार्शी नाक्यावर ही कामे माफक दरात होतात. तथापि अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी केली की ठरावीक उत्तर मिळते: ‘बाहेरून काहीही बसवले, तर वॉरंटी गेली म्हणून समजा.’ हे वाक्य ऐकून बहुतेक ग्राहक मुकाट्याने तीच वस्तू चढ्या भावाने विक्रेत्याकडून घेतात. जे घेत नाहीत, ते पुढे काही बिघाड झाला तरी आपलीच चूक मानून गप्प बसतात. हे वाक्य कितपत खरे आहे, याचा विचार या दोघांपैकी कोणीच करीत नाही.

मुळात हमी ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. यंत्राच्या आत काय दडले आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. माहितीच्या या विषमतेमुळे बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले होते. ही विषमता भरून काढण्याचे एक साधन म्हणजे हमी. आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत आधीच धरलेली असते. ज्याचे दाम ग्राहकाने मोजले आहे, ते सुट्या भागांच्या बाजारात त्याला बांधून ठेवण्यासाठी वापरणे, हा व्यापार नसून अडवणूक होय.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आपल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनीचेच वर्चस्व असून ती त्याचा गैरवापर करते, असे आयोगाचे मत झाले. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या, हे खरे. परंतु आदेशामागील तत्त्व सामान्य माणसालाही पटण्याजोगे आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने हेच तत्त्व अमलात आणले. विशिष्ट कंपनीचाच भाग किंवा सेवा विकत घेण्याची अट हमीला जोडण्यास त्या कायद्याने सामान्यतः मनाई केली.

याचा अर्थ ग्राहकाने गाडीत वाटेल ते करावे आणि कंपनीने निमूटपणे भरपाई द्यावी, असा मात्र नाही. दिव्यांच्या मूळ तारा कापून त्यांवर जादा भार टाकला आणि त्या वितळल्या, तर तो दोष कंपनीचा कसा म्हणावा? परंतु त्याच गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला, तर त्याचा दिव्यांशी संबंध काय? प्रश्न असा कार्यकारणाचा आहे. बसवलेल्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीने लेखी दाखवून द्यावे. नुसता संशय पुरेसा मानू नये.

शिवाय हमी टिकली म्हणजे कायदाही पाळला गेला, असे नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. समोर लोखंडी गज बसविण्याची आपल्याकडील आवडती प्रथाही या कलमात बसत नाही, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. गॅस किट बसवायचे तर ते मान्यताप्राप्त हवे आणि त्याची नोंद परिवहन कार्यालयात हवी. आसनाचे आच्छादन, विजेच्या तारांना हात घालणारे काम आणि इंजिन वा सांगाड्यातील बदल, या तिन्हींना एकाच मापाने मोजणे ग्राहकाच्याच अंगलट येते.

तेव्हा सावधगिरी दुहेरी हवी. हमीपत्रातील अपवादांचे पान गाडी घेण्यापूर्वी वाचावे. विजेचे काम तार न कापता, कपलर आणि रिले वापरून करून घ्यावे. बसवणाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. विक्रेत्याने हमी नाकारलीच, तर नकार लेखी मागावा, त्यात कारणही मागावे. तोंडी धमकी देणारे बहुधा लेखी उत्तर देताना जपून बोलतात.

एवढ्यावर भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. बीडच्या माणसाने कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी तक्रारीचे शुल्क २०० रुपये असून मुदत दोन वर्षांची आहे. हे दार उघडे असूनही फार थोडे लोक तेथवर जातात, कारण आपले काय चुकले आणि कंपनीचे काय चुकले, याचा हिशेबच त्यांना कोणी समजावून सांगितलेला नसतो.

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हा प्रश्न धान्याचा आणि तेलाचा होता. आज तो मोटारीच्या तारेपर्यंत आला आहे. स्पर्धा आयोगाने सांगितलेले तत्त्व एखाद्या आदेशात न राहता हमीविषयक स्वतंत्र कायद्याचे कलम व्हावे आणि सिद्धतेचा भार निःसंदिग्धपणे कंपनीवर टाकला जावा, अशी मागणी आता झाली पाहिजे. तोवर नाक्यावरच्या कुशल कारागिराचा धंदा आणि ग्राहकाच्या कष्टाचा पैसा, दोन्ही विक्रेत्याच्या एका वाक्यावर टांगलेले राहतील.