ब्रँड नंतर, आधी लॉट

डिसेंबर-जानेवारीत अहिल्यानगरचा सकाळचा पारा आठ-दहा अंशांवर येतो आणि ५० मीटरच्या रेंजवर कुरबुर सुरू होते. रायफल तीच, नेमबाज तोच, पण ग्रुप उभा पसरतो. दोष बहुधा ट्रिगरवरच्या बोटाला दिला जातो. गोळीकडे कोणी बघत नाही.

.२२ लाँग रायफलची सामन्याची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असते. ४० ग्रेन शिसे, बॅरलच्या तोंडाशी वेग सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर. एली टेनेक्स घ्या, आरडब्ल्यूएसची आर-५० घ्या किंवा लापुआ, आकडे याच्याच आसपास. उन्हाळ्यात ४० अंशांना आवाजाचा वेग ३५५ मीटर असतो, म्हणजे पंचवीस मीटरची मोकळीक. आठ अंशांना तो ३३६ वर येतो आणि मोकळीक उरते जेमतेम सहा मीटरची. लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या, वेगात ढिला असेल तर एखादी गोळी आवाजाच्या वेगाची रेषा ओलांडते आणि तीच फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर गेलेली गोळी, ठरते. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच आहे खरे, पण या हिशेबात उंचीला काही किंमत नाही. आवाजाचा वेग तापमानाने बदलतो.

आता कागदावर बघू. ५० मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर त्या सात-आठ मिलिमीटर वरखाली लागतात. दहाचे वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचे. नेम बिनचूक असूनही गुण जातो तो इथे.

मग ‘हाय व्हेलॉसिटी’ का नको? ३७५ मीटरने सुटलेली गोळी कागदाच्या वाटेवरच आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि नेमकी तिथेच डळमळते. शिवाय वाऱ्याने ती जास्त वाहते. नवख्यांना हे पटत नाही, पण हवेत वेग जितका जास्त गमावला जातो तितका वारा हात मारतो. 

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शातोरूला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकले. तेव्हापासून नव्या मुलांचा पहिला प्रश्न ब्रँडचा असतो. तो प्रश्नच चुकीचा आहे. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे ग्रुप देतात, आणि महागडा डबा तुमच्या बॅरलला मानवेलच असे नाही. मधल्या किमतीचा, पण पारखून घेतलेला लॉट आम्ही केव्हाही पसंत करू. ब्रँड बदलला की आधी काही गोळ्या बॅरल ‘बसवण्यासाठी’ झाडा, मगच ग्रुप मोजा. वंगणाचा फरक त्याशिवाय जात नाही.

क्लबात लॉटची वही नसेल तर या हिवाळ्यात सुरू करा. तापमान, लॉट क्रमांक, रायफल आणि दहा गोळ्यांचा ग्रुप एवढ्या चारच नोंदी आमच्याकडे पाठवा. आलेल्या नोंदी फेब्रुवारीच्या अंकात छापू.