द्राक्षातलं कीडनाशक बांधावरच ओळखता येईल?

२०१० साली भारतातून युरोपला गेलेली द्राक्षं अडकली. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांचं 'सीसीसी'. वेलीची वाढ रोखणारं हे संजीवक तेव्हा निर्यातपूर्व तपासणीच्या यादीतच नव्हतं. माल युरोपात पोहोचल्यावर त्याचे अंश सापडले आणि फटका शेतकऱ्यांना बसला.

युरोपात ज्या रसायनाला वेगळी मर्यादा नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे १०० टन द्राक्षांत फक्त १ ग्रॅम. एवढं सूक्ष्म मोजणारी यंत्रं महागडी असतात आणि ती मोठ्या प्रयोगशाळांतच असतात. त्यामुळे निर्यातीचा माल तपासला जातो, पण बाजार समितीत रोज येणाऱ्या भाजीच्या प्रत्येक खेपेची तपासणी होत नाही. ही उणीव विद्युत-रासायनिक सेन्सरने भरून काढण्याचा प्रयत्न सुरू आहे.

सेन्सर काम कसं करतो?

मधुमेही घरी साखर तपासतात, तशीच ही पट्टी असते. तिच्या इलेक्ट्रोडवर अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बसवलेलं असतं. त्यावर ठरावीक द्रावण टाकलं की एन्झाइम त्याचं विघटन करतं आणि त्यातून तयार झालेल्या पदार्थामुळे वीजप्रवाह मिळतो. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीडनाशकं हेच एन्झाइम निकामी करतात. कीटक त्यामुळेच मरतात. नमुन्यात ती असतील तर प्रवाह घटतो. जितकी घट जास्त, तितके अंश जास्त.

मग अडचण काय?

प्रवाह घटला एवढं कळतं, पण नेमकं कोणतं रसायन ते कळत नाही. जड धातूंमुळेही एन्झाइम मंदावतं. उन्हात, गरम गोदामात ते खराब होऊ शकतं. फळाचा रस आणि रंगही मापनात गडबड करतात. क्लोरपायरिफॉससारखं कीडनाशक तर ऑक्सिडीकरण झाल्याशिवाय एन्झाइमला नीट रोखत नाही, म्हणजे नमुना आधी तयार करावा लागतो.

मुख्य म्हणजे सीसीसी या दोन्ही गटांत मोडत नाही. २०१० साली अशी पट्टी हाताशी असती, तरी तिच्या भरवशावर तो माल वाचला नसता.

म्हणून ही पट्टी प्रयोगशाळेला पर्याय नाही. संशयास्पद माल आधीच बाजूला काढणारी ती चाळणी ठरू शकते. शेतकऱ्याला फवारणीनंतर काढणी लांबवायची का, हे ठरवायला तिची मदत होईल. मात्र पट्टीने 'काही नाही' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'या गटातलं काही सापडलं नाही' एवढाच घ्यायचा.