लेकीसाठी स्केट्स घेताना

निगडी प्राधिकरणातून एक पत्र आले आहे. लेक नऊ वर्षांची. सहा महिने वर्गातलेच स्केट्स घालून शिकली, आता सर म्हणतात स्वतःचे घ्या. रविवारी गुळगुळीत रिंकवर वर्ग, आणि बाकीच्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या रस्त्यावर. त्यात हल्ली तिला फ्रीस्टाइलचे वेड लागले आहे, म्हणजे जमिनीवर ओळीने छोटे कप मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी जायचे. आई लिहिते, "एकच जोडी या सगळ्याला पुरेल का आणि दोन-तीन वर्षे टिकेल का? हे म्हणतात, बेअरिंगचा नंबर मोठा बघ आणि घेऊन टाक. सासूबाई म्हणतात, दादाचे जुने आहेत माळ्यावर, मुलीला नवे कशाला?"

पुरेल, आणि टिकेलही. फक्त बघायचे कुठे ते ठाऊक हवे.

आधी यजमानांचे घेऊ. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात बेअरिंग म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे, भोसरीच्या एमआयडीसीत शेडमागून शेड लेथ फिरत असतात. त्यामुळे खोक्यावर 'एबेक ७' किंवा 'एबेक ९' छापलेले दिसले की घरातला कारखान्यातला माणूस खूश! पण तुम्ही त्यांनाच नीट विचारून बघा. एबेकचे १, ३, ५, ७, ९ हे मापाच्या अचूकतेचे वर्ग आहेत. कडी किती काटेकोर मापात बनली, एवढेच तो आकडा सांगतो. पोलाद कसले, धूळ अडवणारे झाकण कसे, धक्का किती सोसेल, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. एका जागी पक्क्या बसवलेल्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्राला त्या अचूकतेचा उपयोग. आपली लेक पेव्हर ब्लॉकवरून खडखडत जाणार, मध्येच उडी मारणार, आणि कडेच्या मातीत शिरणार. शिवाय स्वस्तातल्या खोक्यावर आकडा छापायला शाईशिवाय काही लागत नाही.

आणखी एक सांगते. स्केट्समध्ये बहुधा ६०८ या मापाचे बेअरिंग असते: आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एका चाकात दोन, म्हणजे आठ चाकांच्या जोडीत सोळा. हे माप इतके सर्रास आहे की बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि खराब झाले तर बदलायला दहा मिनिटे लागतात. जी वस्तू सर्वांत सहज बदलता येते, तिच्यावरून अख्खी जोडी निवडायची नाही. जे बदलता येत नाही ते आधी बघायचे, आणि तो म्हणजे बूट.

दुकानात गेल्यावर रंग, चमकणारे दिवे, परीची चित्रे यांकडे लेकीला बघू द्या. तुम्ही बूट हातात घ्या आणि घोट्याच्या भागावर दोन्ही बाजूंनी तळव्यांनी जोर लावा. साबणाच्या डबीसारखा आत चेपला तर परत ठेवा. फ्रीस्टाइलमध्ये पाय सतत आडवा-तिडवा वळतो. घोट्याला आधार नसेल तर पोर गुडघे आत घेऊन चालू लागते आणि आपण म्हणतो, हिला जमतच नाही! खरे म्हणजे बूटच तिला जमू देत नाही. बांधायला नुसती नाडी नको. वर बकल हवे आणि घोट्याच्या पुढून जाणारा पट्टाही हवा. आतला मऊ बूट काढून धुता येतो ना, तेही विचारा. आपल्याकडच्या उकाड्यात महिन्याभरात त्याचा जो वास सुटतो, तो दाराआडूनही लपत नाही.

माप घ्यायचे ते संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय किंचित सुजलेला असतो. कागदावर उभे करून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्या, दोन्ही पायांचे. बुटात सरळ उभी राहिली की बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. टाच मुळीच उचलली जाऊ नये. "मोठे घेऊ, पुढे कापूस घालू" हे शाळेच्या बुटात चालून जाते, इथे नाही. वाढत्या मुलीसाठी साइज कमी-जास्त करता येणारा बूट घ्यावा. नऊ वर्षांच्या पायाला तो सर्वांत लहान खाचेवर नीट बसला, तर तीन-एक वर्षे निघतात. शर्यतीत किंवा स्पर्धेच्या फ्रीस्टाइलमध्ये पुढे गेलीच, तर पाय वाढायचा थांबल्यावर नेमक्या मापाचा बूट घेता येईल. आज त्यासाठी खर्च नको.

बुटाखालची पट्टी, जिला फ्रेम म्हणतात, ती ॲल्युमिनियमची असेल तर उत्तम. स्केट उलटा धरून एका डोळ्याने चाकांची रांग बघा, शिवणीची ओळ सरळ आली का बघतो तशी. एखादे चाक रांगेबाहेर दिसले तर तो नग नकोच. मग दुकानदाराकडे ॲलन की मागा आणि एक चाक समोर उघडून दाखवायला सांगा. चाके बोल्टने बसवलेली हवीत. रिबिट ठोकलेली असतील तर एक चाक झिजले की सगळी जोडी भंगारात. "ताई, उघडायची गरजच पडत नाही" असे कुणी म्हणाले तर त्या दुकानातून उठा. याच मापाची सुटी चाके मिळतात का, तेही तिथेच विचारून ठेवा.

चाकांवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ७६ मिमी आणि ८२ए. पहिला व्यास, दुसरा कडकपणा. या वयाला ७२ ते ७६ मिलिमीटरचे चाक बरे. फार मोठे घेतले तर मूल उंचावर जाते आणि तोल सांभाळता येत नाही. कडकपणाचा आकडा जितका मोठा, तितके चाक टणक. रिंकसाठी ८४-८५ चांगले, खडबडीत रस्त्यासाठी ७८ ते ८० मऊ, कारण मऊ चाक धक्का गिळते. दोन्हीकडे एकच जोडी वापरायची तर ८२च्या आसपासचे घ्या. हा आकडा तरी पॉलियुरेथेनच्या चाकांचाच बघायचा. साध्या प्लॅस्टिकची चाके रस्त्यावर खेळण्यातल्या गाडीसारखी कडकड वाजतात, फरशीवर सटकतात. तसली फुकट मिळाली तरी नको.

आता सासूबाईंचे. जुने वापरण्यात कमीपणा काहीच नाही, घरोघरी आपण तेच करतो. माळ्यावरची जोडी खाली काढा आणि वर सांगितले तसेच तपासा. एक तपासणी जास्त: चाकावर आणि बुटाच्या तळाशी नख दाबा. भुगा पडला किंवा चिकट लागले तर फेकून द्या. पॉलियुरेथेन दमट हवेत वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तरी आतून सडते, आणि आपले पावसाळे त्याला पुरेसे असतात. नख ठीक, घोटा ताठ, माप बरोबर, तर फक्त चाके-बेअरिंग बदला आणि खुशाल द्या. पण दादाचा पाय रुंद होता, हिचा अरुंद आहे, टाच आत हलते, असे असेल तर देऊ नका. "मुलीला कशाला" हे मात्र मला पटत नाही. मुलाला सर म्हणाले तेव्हा नवे आले होते ना? २ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत आपल्या मुलींनी आणि मुलग्यांनी स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेमध्ये एकाच दिवशी एकेक कांस्यपदक मिळवले. मुलग्यांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावे. मुलींच्या संघात हिरल साधू, संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन आणि आरती कस्तुरी राज. त्यात मराठी नाव नव्हते. सासूबाईंना हे वाचून दाखवायला हरकत नाही.

पैशाची ओढ असेल तर बेअरिंगवर वाचवा, दिव्यांवर वाचवा, पण मनगटाच्या गार्डवर वाचवू नका. पडताना मूल हात पुढे करते आणि सगळा भार मनगटावर येतो. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाला इजा होण्याचा धोका १० पट आढळला होता. गुडघा आणि कोपराचे गार्ड सगळ्याजणी आवर्जून घेतात, कारण खरचटलेले दिसते. मनगटाच्या आत टणक पट्टी असलेले गार्ड मात्र वेगळे मागून घ्यावे लागतात. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या दोन बोटे वर, आडवे बसायला हवे. बाबांचे स्कूटरचे हेल्मेट चालवून घेऊ नका, ते लहान मानेला जड होते. आणि हेल्मेट एकदा जोरात आपटले की बाहेरून धड दिसले तरी बाद समजा.

घरी आणल्यावरची निगा अगदी थोडी. चाके आतल्या कडेने आधी झिजतात, म्हणून दोन महिन्यांनी पहिले चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरे चौथ्याच्या जागी, आणि लावताना उलटे फिरवून लावा, म्हणजे झिजलेली कड बाहेर जाते. ओल्या रस्त्यावर पाठवू नका. पाण्यावर ही चाके सपशेल घसरतात आणि बेअरिंग गंजतात ते वेगळेच. कधी भिजलेच तर चाके काढून फडक्याने पुसा, पंख्याखाली वाळवा. स्केट्स नळाखाली मात्र कधीही धरायचे नाहीत.

बेअरिंग खरखरायला लागले की यजमानांना कामाला लावा, त्यांचा विषय आहे. झाकण निघणारे असेल तर ते काढून, सोळाच्या सोळा बेअरिंगे टर्पेंटाइनमध्ये घोळवायची, कागदावर पूर्ण कोरडी करायची, मग प्रत्येकात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल नको, ते थंडीत गोठते. हे सगळे गॅसपासून लांब, गॅलरीत. आणि त्यासाठी आधीच एक जुना डबा वेगळा काढून द्या, नाहीतर तुमचा पोह्यांचा डबा जाईल.